तीन वर्षांचं एलएलबी, सनद आणि पहिली ज्युनिअरशिप: कोकणातल्या कोर्टाच्या मापाने

पदवी झाल्यावर वकिली करायची आणि तीही रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडच्या कोर्टातच, असं ज्यांनी मनाशी धरलंय त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. अमुक कॉलेज चांगलं, तमुक वाईट, असा निवाडा यात नाही. रत्नागिरीचं भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय, कुडाळचं व्हिक्टर डांटस, अलिबागचं दत्ता पाटील ही सगळी मुंबई विद्यापीठाशी जोडलेली, तेव्हा अभ्यासक्रमाचा सांगाडा एकच. तो अभ्यासक्रम, नंतरची सनद (वकिलीचा परवाना), बार परीक्षा आणि सीनिअरकडची पहिली दोन-तीन वर्षं हे सगळं एकत्र धरूनच तोलायला हवं. यातला एखादा तुकडा घेऊन कोणी कोर्टात उभं राहू शकत नाही.

निकाल आधीच सांगून टाकावा. कायदा शिकवण्यात हा अभ्यासक्रम चांगला आहे, दावा लिहायला शिकवण्यात कच्चा आहे. आणि कोकणातली दिवाणी वकिली लिहिण्यावरच चालते. पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड गुण विद्यार्थ्याला स्वतः कमवावा लागतो. कसा, ते पुढे सविस्तर येईलच.

प्रवेश

राज्याच्या सीईटीमधून प्रवेश होतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कायद्याचं आकलन, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे भाग असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. पदवीला खुल्या गटाला 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. मुलं परीक्षेत फारशी अडत नाहीत, अडतात ती कागदांत. राखीव जागेवरून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचे उतारे शोधावे लागतात. ते काम केंद्रीय प्रवेशाची (कॅप) फेरी सुरू झाल्यावर हाती घेतलं तर बहुधा वेळेत होत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज टाकून ठेवावा.

नोकरी सांभाळून एलएलबी करू, असा बेत अनेकांचा असतो. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008 चे नियम इथे आड येतात. वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या दरम्यान, आठवड्याला निदान 30 तास, हजेरी 70 टक्के. पत्रद्वारा केलेली एलएलबी सनदेसाठी चालत नाही. आंब्याच्या हंगामात मार्च ते मे बागेवर राहावं लागणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावं. सत्राच्या सुरुवातीला हजेरी भरून काढलेली बरी, कारण शेवटच्या महिन्यात ती भरून निघत नाही. सनद घेतल्यावरही पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. तेव्हा नोकरीचा प्रश्न आज ना उद्या सोडवावाच लागतो.

वर्गात काय मिळतं

करार, अपकृत्य, संविधान, कुटुंब कायदा, मालमत्ता हस्तांतरण हे विषय नीट शिकले तर पाया पक्का होतो. फौजदारी बाजू 1 जुलै 2024 पासून बदलली. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. पण त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते आणि असे खटले अजून वर्षानुवर्षं कोर्टाच्या बोर्डावर (रोजच्या यादीत) राहणार आहेत. जुन्या पुस्तकांची रद्दी करू नये. नवी-जुनी कलमं शेजारी शेजारी लिहिलेली एक वही प्रत्येकाकडे असलीच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश किंवा सीसीटीव्हीचं चित्रण पुराव्यात आणायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात अ व ब असे दोन भाग असतात. दुसरा भाग तज्ज्ञाचा. तो विसरला जातो आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

कोकणासाठी खरी उणीव आहे ती जमिनीच्या कायद्यांत. अभ्यासक्रमात ते असतात, पण एका सत्रात घाईघाईने उरकले जातात. 1948 चा कुळकायदा, 1949 चा खोती निर्मूलन कायदा, 1966 ची जमीन महसूल संहिता आणि 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम हे चार परीक्षेपुरते वाचून भागणार नाहीत. खेड, राजापूर, सावंतवाडी कुठेही जा, समोर बसलेल्या पक्षकाराच्या पिशवीतून निघणारे कागद या चारांपैकीच कशाचे तरी असतात. पाणंद अडवली, वहाळाचं पाणी वळवलं, तर दिवाणी दाव्याआधी मामलेदाराकडे (तहसीलदाराकडे) जाण्याचा स्वस्त मार्ग असतो. पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. ही मुदत ठाऊक नसलेला वकील पक्षकाराला सातव्या महिन्यात दिवाणी कोर्टात नेतो आणि काही महिन्यांत सुटण्यासारखं प्रकरण वर्षानुवर्षं चालतं.

पंधरा दावे, पंधरा दस्त

आता मुख्य मुद्दा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मसुदालेखनाचा विषय सक्तीचा आहे. दावे-अर्जांचे 15 मसुदे, खरेदीखत-बक्षीसपत्र अशा दस्तांचे 15 मसुदे, प्रत्येकी तीन गुण, म्हणजे 45 अधिक 45, आणि तोंडी परीक्षेला 10. कागदावर ही योजना उत्तम आहे, अख्ख्या अभ्यासक्रमात इतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. घोडं पेंड खातं ते अंमलबजावणीत. मागच्या वर्षीच्या मुलांची वही आणायची, नावं बदलायची, सुंदर अक्षरात उतरवायची आणि गुण घ्यायचे, ही रीत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. त्या वहीतला वाटपाचा दावा कोकणातल्या एकाही खऱ्या घराण्याला लागू पडत नाही.

हेच 15 दावे खऱ्या कागदांवर लिहिले तर काय काय शिकायला मिळतं, ते एका वाटपाच्या दाव्यावरून बघा.

पहिली पायरी वंशावळ. जुन्या रेकॉर्डला ज्याचं नाव आहे त्या मूळ पुरुषापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक शाखा आजपर्यंत आणायची. कोण हयात, कोण मयत, मयत झाल्याचं साल, वारस कोण. सगळ्यात जास्त चुका मुलींच्या बाबतीत होतात. सातबाऱ्यावर नाव नाही, लग्न होऊन विरारला गेली, म्हणून तिला दाव्यात घेतच नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली 9 सप्टेंबर 2005 ची दुरुस्ती आणि 11 ऑगस्ट 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल यांच्यानंतर मुलगी जन्माने सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी) आहे, वडील 2005 मध्ये हयात असोत वा नसोत. आवश्यक पक्षकार सोडला तर वाटपाचा दावा त्याच दोषावर पडू शकतो. एका बहिणीचं नाव गाळल्यामुळे दहा वर्षांची मेहनत वाया जाते.

दुसरी पायरी मिळकतीचं वर्णन. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 3 ला मिळकत ओळखता येईल असं वर्णन लागतं. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार, गाव, तालुका, चतुःसीमा. चतुःसीमा जुन्या खरेदीखतावरून जशाच्या तशा उतरवू नयेत. त्यातले शेजारी मरून दोन पिढ्या झालेल्या असतात आणि हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या निवाड्याच्या) अंमलबजावणीला आलेला माणूस गडग्यापाशी उभा राहून विचारतो की हा पूर्वेचा अमुक कोण. जुनं नाव आणि आजचा कब्जेदार दोन्ही लिहावेत. घर सातबाऱ्यावर दिसत नाही, त्याला ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा लागतो. कलमांची संख्या, विहीर, मांगर यांचा वेगळा उल्लेख करावा. आणि एकत्र कुटुंबाची सगळीच मिळकत दाव्यात आली पाहिजे. भातशेती घातली आणि वरकस (डोंगरउताराची हलकी) पड सोडली, तर अर्धवट वाटपाची हरकत ठरलेलीच.

तिसरी पायरी बहुतेक नवखे विसरतात: सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना वाचणं. तिथे कुळाचं नाव असेल, किंवा प्रतिवादी कैफियतीत (दाव्याच्या लेखी उत्तरात) आपण कूळ असल्याचं म्हणणार असेल, तर कुळकायद्याच्या कलम 85 प्रमाणे तो प्रश्न दिवाणी कोर्ट ठरवू शकत नाही. कलम 85अ प्रमाणे मुद्दा काढून मामलेदाराकडे पाठवावा लागतो आणि तोवर दावा थांबतो. तिथे निर्णय, मग प्रांताकडे अपील, मग महसूल न्यायाधिकरणात फेरतपासणी. दावा दाखल करण्याआधी फेरफार उतारे मागे मागे नेत 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापर्यंत (कुळं कायद्याने जमिनीची मालक मानली गेली तो दिवस) गेलं, कुळाच्या खरेदीची कलम 32ग ची चौकशी झाली होती का ते पाहिलं, तर पक्षकाराला आधीच खरं सांगता येतं की बाबा, याला वेळ लागणार.

शेवटी मागणी. सरस-निरस मानाने (जमिनीचा कस पाहून) वाटप, स्वतंत्र ताबा, वाटप होईपर्यंत त्रयस्थाला विक्री करू नये म्हणून मनाई, हिश्श्याचं उत्पन्न. हे सगळं मागायला हवं. न मागितलेलं सहसा मिळत नाही. पडताळणीसोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. इतकं लिहून झालं की विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारावं, हुकूमनामा झाल्यावर पुढे काय? शेतसारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, घराचं कोर्ट कमिशनरमार्फत. ही गोष्ट ठाऊक असेल तर पक्षकाराला 'जिंकलो' असं सांगून पेढे वाटायला कोणी लावणार नाही.

असा एक दावा नीट लिहायला पंधरा दिवस लागतात. तीन गुणांसाठी पंधरा दिवस कोण घालवेल, असं विचारणाऱ्याने फौजदारी किंवा दुसरी बाजू धरावी. ज्यांना दिवाणी वकिली करायची आहे त्यांना अख्ख्या अभ्यासक्रमात याहून मोलाचं काही सापडणार नाही.

सरावाचा दुसरा सक्तीचा विषय अभिरूप न्यायालयाचा (मूट कोर्टचा). तीन अभिरूप खटल्यांना 30 गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून टिपण करण्याला 30, मुलाखत-तंत्र आणि इंटर्नशिपच्या डायरीला 30. इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान 12 आठवड्यांची. ती मुंबईच्या फर्ममध्ये करण्याची हौस असते. कोकणात राहायचं असेल तर चार आठवडे तालुक्याच्या दिवाणी कोर्टात, चार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आणि चार एखाद्या महसुली काम करणाऱ्या वकिलाकडे, ही वाटणी जास्त उपयोगी ठरते. आणि खटला पाहायचा तर सुरुवातीपासून उलटतपासापर्यंत एकच पाहावा. पाच खटल्यांच्या पाच तारखा पाहून काहीच हाती लागत नाही.

सनद आणि बार परीक्षा

हा भाग पूर्वीपेक्षा खूप सुसह्य झाला आहे. 30 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना अधिवक्ता अधिनियमात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेण्यास मनाई केली. खुल्या गटाला 600 अधिक 150, म्हणजे 750 रुपये. अनुसूचित जाती-जमातींना 125. मुद्रांक शुल्क वेगळं. गरीब घरच्या मुलांसाठी हा फार मोठा दिलासा आहे. अर्ज अडकतो तो नावामुळे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, पदवीवर दुसरं, लग्नानंतर आधारवर तिसरं. गॅझेट किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच तयार ठेवावा.

सनद आधी तात्पुरती मिळते. अखिल भारतीय बार परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागते. प्रश्न 100, उत्तीर्ण होण्यासाठी 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40. टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात, परीक्षा मराठीतही देता येते. मूळ कायदा हातात असूनही लोक नापास होतात, कारण कलम कुठे आहे ते शोधण्यातच वेळ जातो. परीक्षेच्या आधी महिनाभर दिवाणी प्रक्रिया संहितेची आणि साक्ष अधिनियमाची नुसती अनुक्रमणिका रोज वाचावी. एवढी तयारी बहुतेकांना पुरते.

पहिली दोन-तीन वर्षं

सीनिअर निवडणं हा कॉलेज निवडण्यापेक्षा मोठा निर्णय आहे आणि त्यावर फार कमी विचार केला जातो. बहुतेक जण ओळखीच्या, नात्यातल्या किंवा वाडीतल्या वकिलाकडे जातात. नाव किती मोठं यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. एक, ज्युनिअरला मसुदा लिहायला देतात का आणि दिल्यावर लाल शाईने खुणा करून परत देतात का. दोन, काम किती कोर्टांत पसरलंय. देवगड, कणकवली आणि ओरोस अशा तीन ठिकाणी रोज पळणाऱ्या चेंबरमध्ये ज्युनिअर वर्षभर पुढच्या तारखा घेण्यापलीकडे काही शिकत नाही. तीन, साक्षीदार तयार करताना ज्युनिअरला शेजारी बसवतात का.

सुरुवातीचे सहा महिने रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) वाचणं, नक्कल अर्ज, समन्सचा भत्ता भरणं, बेलिफाला पत्ता समजावून सांगणं यात जातात. हे हलकं काम समजू नये. कोकणातल्या दाव्यात निम्मे प्रतिवादी चाकरमानी असतात. परळच्या चाळीचा पत्ता घातलेला असतो आणि चाळ पाडून टॉवर उभा राहिलेला असतो. समन्स परत येतं, पुन्हा निघतं, पुन्हा परत येतं. गणपतीत हे सगळे गावी असतात. त्याआधीच अर्ज देऊन गावच्या पत्त्यावर समन्स काढून ठेवलं तर दोन वर्षांचं काम दहा दिवसांत होतं. अशा गोष्टी कुठल्याही पुस्तकात नाहीत आणि चांगला सीनिअर पहिल्याच पावसाळ्यात शिकवतो.

दुसरं, प्रतिवादी मयत होणं. चाळीस प्रतिवादींच्या दाव्यात दरवर्षी कोणीतरी जातं. मृत्यूपासून 90 दिवसांत वारस नोंदवण्याचा अर्ज द्यायचा. नाहीतर त्या प्रतिवादीपुरता दावा संपुष्टात येतो. मग दावा संपुष्टात येणं रद्द करून घेण्यासाठी 60 दिवस, आणि तेही उलटले तर विलंब माफीचा वेगळा अर्ज, प्रत्येक दिवसाचं कारण देत. पक्षकाराच्या मृत्यूची खबर कोर्टाला देण्याची जबाबदारी आदेश 22 नियम 10अ प्रमाणे त्याच्या वकिलावर आहे. समोरच्या वकिलाने खबर दिली नाही म्हणून गप्प बसू नये. वर्षातून दोनदा पक्षकाराला फोन करून सगळ्या प्रतिवादींची हजेरी घेणं हे ज्युनिअरचं काम आहे. त्या यादीत कोण आजारी आहे हेसुद्धा लिहून ठेवावं.

तिसरं, निशाणी 5. दाव्यासोबतचा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज. तालुक्यात बऱ्याच दाव्यांचा निकाल व्यवहारात इथेच लागतो, कारण मनाई मिळाली की समोरचा तडजोडीला येतो. प्रथमदर्शनी हक्क, सोयी-गैरसोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान, ही तीन सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. पण अर्जात तथ्यं लिहिलेली नसतात. 'प्रतिवादी अतिक्रमण करत आहे' असं लिहून भागत नाही. कुठल्या तारखेला, कुठल्या बाजूने, किती फूट चिऱ्याचं बांधकाम पुढे आलं, फोटो कोणी काढला, तलाठ्याकडे किंवा पोलिसांत अर्ज कधी दिला, हे सगळं असलं पाहिजे. हद्दीच्या वादात खासगी मोजणीवर विसंबू नये. भूमि अभिलेख कार्यालयाची, शेजाऱ्याला नोटीस देऊन केलेली मोजणी लागते आणि नकाशा करणारा भूकरमापक साक्षीला आणावा लागतो. त्याचा उलटतपास ज्याला घेता येतो त्याला कोकणात काम कमी पडत नाही.

विद्यावेतनाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी एवढे पैसे क्वचितच मिळतात. या काळात घरचा आधार नसलेली हुशार मुलं, विशेषतः मुली, वकिली सोडतात. हे या व्यवसायाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे आणि सीनिअर मंडळींनी ते मनावर घ्यायला हवं. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च तरी निघेल, एवढं आधी बोलून घ्यावं. बोलायला लाज वाटण्याचं कारण नाही.

कोकणी हवेचंही पाहावं लागतं. सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, पण पावसाळ्याला ही सूट नाही. पातळ कापडाचे दोन कोट लागतात, एक वाळत घालायला. जुलै-ऑगस्टमध्ये पिनांना गंज चढतो आणि तो कागदात उतरतो. मूळ खरेदीखताला पिन कधीच मारू नये, टॅग वापरावा. कोर्ट फीचे स्टॅम्प प्लास्टिकच्या पिशवीत सुटे ठेवावेत. दमट हवेत ते एकमेकांना चिकटून बसतात.

ई-कोर्ट्सचं मोफत अ‍ॅप ज्युनिअरच्या फोनमध्ये असलंच पाहिजे. प्रत्येक प्रकरणाचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक एकदा भरला की तारीख, टप्पा, आदेश दिसतात. पक्षकाराला तो क्रमांक देऊन ठेवावा. निम्मे फोन कमी होतात. मात्र तारीख चढायला कधी उशीर होतो, म्हणून बोर्ड आणि रोजनामा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डायरीत लिहू नये. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 2023 पासून त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतात, काही मराठीतही. महागड्या संगणकीय लायब्ररीची वर्गणी पहिल्या दोन वर्षांत भरण्याची गरज नाही.

पुढची वाट

पहिले पैसे सहसा चेक न वटल्याच्या प्रकरणांतून येतात. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस पैसे देण्याची मुदत, ती संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. तीन तारखा डायरीत लाल शाईने लिहिल्या की काम सोपं आहे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातांचे नुकसानभरपाई दावे आणि त्याच रस्त्याच्या भूसंपादनाचे वाद ही दुसरी मोठी बाजू. भूसंपादनात मोबदल्याविरुद्ध आधी लवादाकडे आणि मग लवाद कायद्याच्या कलम 34 खाली जिल्हा न्यायालयात जावं लागतं. झाडांची, चिऱ्याच्या घराची, विहिरीची किंमत नीट मांडणारे वकील यात हवे असतात.

न्यायाधीश व्हायचं असेल तर 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक केली. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते आणि निदान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो. म्हणजे पुण्यात खोली घेऊन नुसता क्लास लावण्याचे दिवस गेले. तालुक्यात मन लावून काम करणाऱ्या मुलांना याचा फायदाच आहे. ती तीन वर्षं त्यांनी नाहीतरी केलीच असती. प्रत्येक हजेरीचा, वकीलपत्राचा आणि रोजनाम्याच्या नकलेचा संच पहिल्या दिवसापासून साठवत जावा.

आणि अपिलांचं चित्र पालटलं आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही आले. रायगड मुंबईकडेच राहिलं. सावंतवाडीहून आंबोलीने, कणकवलीहून फोंड्याने, रत्नागिरीहून आंबा घाटाने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. मंडणगड-खेडवाल्यांना मुंबई आणि कोल्हापूर यांत फारसा फरक पडत नाही. पण दक्षिणेकडच्या वकिलाला पूर्वी दुसरं अपील मुंबईच्या वकिलाच्या हाती सोपवून फाईल सोडून द्यावी लागे, आता तो स्वतः उभा राहू शकतो. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खालचा कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न इंग्रजीत नेमका मांडता यायला हवा. तालुका कोर्टाचं काम मराठीत चालतं, उच्च न्यायालयाचं इंग्रजीत, त्यामुळे ज्युनिअरशिपच्या तिसऱ्या वर्षी रोज एक पान इंग्रजी मसुदा लिहिण्याची सवय लावून घ्यावी. मराठी निकालपत्राचं इंग्रजी भाषांतर स्वतः करणं हा त्याचा सर्वांत चांगला सराव आहे, आणि भाषांतराचे पैसेही मिळतात.

सीईटीचा अर्ज भरण्याआधी एक काम करून बघा. आपल्याच तालुक्याच्या कोर्टात सलग आठवडाभर पुकारा सुरू झाल्यापासून उठेपर्यंत मागच्या बाकावर बसा. आत जायला कोणाची परवानगी लागत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशीही एखाद्या साक्षीत काय चाललंय ते कळून घ्यावंसं वाटत असेल, तर अर्ज भरा.